नकाशाची फाईल कोणाच्या पेटीत?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात आपल्या कार्यकर्तीनं केलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी जसं बोललं तसं छापतो आहोत.)



आयाबायांनो, काकांनो, आणि मागं भिंतीला टेकून मोबाईल बघणाऱ्या पोरांनो. आज तुमच्या मोबाईलचंच काम आहे, तेव्हा पुढं सरका.

मला सांगितलंय की नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल जगात काय चाललंय ते सांग. मी बारावी शिकलेली, इंजिनिअर नाही. पण गेली काही वर्षं दाव्यांच्या फायली घेऊन फिरते, त्यात हे सॉफ्टवेअर हातात आलं. म्हणून जेवढं वापरून कळलं तेवढंच सांगते.

पहिली बातमी ब्राझीलची. या सॉफ्टवेअरवाल्यांची दरवर्षी एक जागतिक परिषद भरते, तिला फॉस-फोर-जी म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरात ती बेलेम गावात भरली. बेलेम म्हणजे ॲमेझॉन नदी समुद्राला मिळते त्या बाजूचं शहर, जगातल्या सगळ्यात मोठ्या वर्षावनाच्या तोंडाशी. २०२५ ची न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. परिषदा होतच असतात, त्याचं एवढं नाही. पण बेलेमचं नाव ऐकल्यावर मला ब्राझीलच्या इन्पे या संस्थेची गोष्ट आठवली, ती आपल्या कामाची आहे.

इन्पे म्हणजे तिकडची सरकारी अंतराळ संस्था, आपल्या इस्रोसारखी. १९८८ पासून ते उपग्रहाच्या फोटोवरून मोजतात की ॲमेझॉनचं जंगल दरवर्षी किती तुटलं. नकाशाची सॉफ्टवेअरं त्यांनी स्वतः बनवली आणि लोकांना फुकट दिली. फोटो आणि आकडेही सगळ्यांना बघायला उघडे ठेवले. २०१९ साली आकडे वाढले तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले, हे आकडे खोटे आहेत. संस्थेचे प्रमुख रिकार्डो गाल्वाओ यांनी जाहीर उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून काढलं. माणूस गेला, पण आकडे दाबता आले नाहीत, कारण फोटो कपाटात कुलूप लावून ठेवलेले नव्हते. कोणीही तेच फोटो उतरवून, तेच मोजमाप परत करून बघू शकत होता. आपल्याकडं तालुक्याला जाऊन आपल्याच दाव्याचा नकाशा मागून बघा, मग फरक कळेल.

आता हे सॉफ्टवेअर म्हणजे काय? मुख्य नाव लक्षात ठेवा, क्यूजीआयएस. अमेरिकेत अलास्का म्हणून बर्फाचा मुलूख आहे, तिथं गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ साली ते सुरू केलं. त्याला फक्त आपल्या कॉम्प्युटरवर नकाशे बघायचे होते. लोकांनी त्यात भर घातली, आज ते जगभर चालतं. त्याच्या आधीचं एक आहे, ग्रास. ते तर अमेरिकेच्या सैन्यानं १९८२ च्या सुमाराला त्यांच्या छावण्यांच्या जमिनी सांभाळायला बनवलं. पुढं सैन्यानं ते सोडून दिलं. एखादी कंपनी असती तर माल बंद, विषय संपला. पण त्याचा सगळा कोड लोकांकडं होता, म्हणून विद्यापीठातल्या माणसांनी ते हातात घेतलं आणि अजून चालू ठेवलंय. २००६ च्या फेब्रुवारीत या सगळ्यांनी मिळून ओएसजिओ नावाची संस्था केली. आपला वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात. दोघं एका वर्षाचे आहेत, याचा काही अर्थ नाही, मला आपलं बरं वाटतं.

फुकट म्हटलं की आपल्या लोकांना संशय येतो. यावाच. फुकट वाटणारे निवडणुकीत येतात. म्हणून हे नीट ऐका. दुकानातलं संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, राखून पेरलं तर धड येत नाही. आपली गावठी नाचणी तशी नाही. शेजारणीनं पायलीभर दिली, मी पेरली, त्यातली पुढच्या पाड्याला दिली. क्यूजीआयएस हे गावठी बी आहे. घ्या, वापरा, उघडून आत काय आहे ते बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच, बदललेलं दुसऱ्याला देताना तुम्हीही याच अटीवर द्यायचं, कुंपण घालायचं नाही. या अटीच्या कागदाला जीपीएल म्हणतात. एकदा पेनड्राइव्हवर आणलं की नेट नसलेल्या पाड्यातल्या जुन्या लॅपटॉपवरही बसतं. मोबाईलसाठी त्याचा भाऊ आहे क्यूफील्ड, तोही याच जातीचा.

आता खरा मुद्दा. आमच्या पाड्यातल्या एका मावशीचा वीस गुंठ्यांचा दावा परत आला. कारण काय लिहिलं? "उपग्रह छायाचित्रात अतिक्रमण दिसत नाही." मावशी म्हणाली, मी सासरी आले तेव्हापासून त्या बांधावर दगड रचतेय, वरच्याला दिसत नसेल तर त्याचे डोळे तपासा. कार्यालयात सगळे हसले. मला वाटतं मावशीनं एकदम बरोबर प्रश्न विचारला. वरच्याचे डोळे आपण तपासूच.

उपग्रहाचा फोटो चौकोनांचा बनलेला असतो. गोधडीचे तुकडे असतात तसे. प्रत्येक चौकोनाला एकच रंग. आता लँडसॅट नावाचा अमेरिकेचा उपग्रह घ्या, त्याचे जुने फोटो २००८ पासून जगाला फुकट मिळतात. त्याचा एक चौकोन ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. म्हणजे ९०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे! नऊ गुंठ्यांत जे काही असेल, नाचणी, मोहाचं झाड, खळं, झोपडी, त्या सगळ्याचा मिळून एक रंग. मावशीचं शेत वीस गुंठे, म्हणजे साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर. त्यात एक तरी चौकोन पुरता बसेल याची खात्री नाही, कारण चौकोन काय मावशीच्या बांधाला धरून आखलेले नाहीत. बाकीच्या चौकोनांत अर्धं शेत, अर्धं जंगल.

आपल्या भारताच्या उपग्रहाचा लिस-थ्री म्हणून कॅमेरा होता, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. लिस-फोर त्याहून बारीक, सहा मीटरच्या आत. २००५ च्या मे महिन्यात इस्रोनं कार्टोसॅट-१ सोडला, त्याचा चौकोन अडीच मीटरचा. त्यात बांध दिसू शकतो. म्हणून "उपग्रहात दिसत नाही" एवढं ऐकून घरी यायचं नाही. कोणता उपग्रह? कोणत्या तारखेचा फोटो? चौकोन केवढा? हे तीन प्रश्न लेखी विचारायचे. लँडसॅट-७ चा तर २००३ च्या मे महिन्यात एक भाग बिघडला, त्यानंतरच्या त्याच्या फोटोंत कडेच्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात. शेत पट्टीत गेलं की दिसणार काय, कप्पाळ?

तारखेचं आणखी आहे. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५. आपण पेरतो पावसाळ्यात. तेव्हा वर ढग, फोटोत नुसता कापूस. आभाळ मोकळं होतं दिवाळीनंतर, तोवर नाचणी-वरई कापून झालेली, रानात वाळकं गवत. वरकस जमीन तर दोन-तीन वर्षं पेरून आपण पडीक ठेवतो, तिला दम घेऊ देतो. आणि मोह, आंबा, हिरडा आपण शेतात मुद्दाम राखतो. वरून बघणाऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो, खालची नाचणी नाही. ज्यानं झाडं राखली त्याचाच दावा झाडं दिसतात म्हणून फेटाळायचा, हा न्याय कुठला?

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातला १२-क हा नियम, त्याचा ११ वा पोटनियम. त्यात सरळ लिहिलंय की उपग्रहाचे फोटो आणि बाकी तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. गुजरात हायकोर्टानंही २०१३ साली हेच धरलं, नुसत्या उपग्रहाच्या फोटोवर दावे फेटाळता येणार नाहीत. आणि नियम १३ वाचा. रचलेले बांध, सपाट केलेली जमीन, हा पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला, तो पुरावा आहे. मागं बसलेल्या आजींची जीभ कायद्यात बसते. तेव्हा आजी, जबाब द्यायला लाजू नका.

मग आपण तरी कशाला करायचं हे क्यूजीआयएस? असं कोणी म्हणेल. म्हणूनच करायचं. त्यांनी फोटो दाखवला की आपण मान खाली घालतो, कारण आपल्याला तो वाचता येत नाही. आपल्याच लॅपटॉपवर तोच फोटो उघडून, वर आपण चालून काढलेली शेताची रेघ ठेवली, की साहेबालाही दिसतं एका चौकोनात काय काय कोंबलंय.

चालून रेघ काढताना पोरांनी घाई करायची नाही. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट झाडीखाली त्याहून जास्त. दहा गुंठ्यांच्या शेताची बाजूच ३२ मीटर. तिथं पाच मीटर म्हणजे थोडं नाही. कोपऱ्यावर उभं राहा, आकडा स्थिर होऊ द्या, तीन वेळा घ्या. शेजारच्या शेतकऱ्याला बरोबर घ्या, नाहीतर नकाशापायी भाऊबंदकी सुरू होईल, ती कुठल्याच सॉफ्टवेअरला मिटवता येत नाही. आणि जुन्या सर्व्हेच्या नकाशावर आपली रेघ ठेवाल तेव्हा ती बरीच सरकलेली दिसू शकते. घाबरू नका. इंग्रजांच्या काळापासूनचे नकाशे पृथ्वीचं वेगळं माप धरून काढलेत, जीपीएस वेगळं धरतो. क्यूजीआयएसमध्ये ते जुळवून घेता येतं. पण न जुळवता कोणी "तुमचं शेत दुसऱ्याच कंपार्टमेंटमध्ये आहे" म्हणालं, तर तिथंच थांबवा.

शेवटची गोष्ट, यावर मात्र ग्रामसभेत भांडण झालं तरी चालेल. दक्षिण अमेरिकेत एक्वादोर देश आहे. तिथं वाओरानी नावाचे आपल्यासारखेच जंगलातले लोक. सरकारनं त्यांचं जंगल तेल कंपन्यांना द्यायला काढलं. सरकारी नकाशात तिथं नद्या आणि तेलाचे चौकोन, माणसं नाहीतच. वाओरानींनी गावागावांत बसून स्वतःचा नकाशा केला. शिकारीच्या वाटा, ओढे, औषधाची झाडं. त्यांच्यासाठी मापेओ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर तयार झालं, नेट नसताना एका यंत्रातून दुसऱ्यात माहिती जाते, आणि माहिती कुठल्या कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर न राहता गावाकडंच राहते. नेमोंते नेन्क्विमो ही त्यांची पुढारी बाई. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथलं कोर्ट म्हणालं, लोकांना धड विचारलेलंच नाही. जवळजवळ १ लाख ८० हजार हेक्टर जंगल वाचलं. नकाशानं एकट्यानं नाही वाचलं, लोक मोर्चा घेऊन कोर्टापर्यंत गेले म्हणून. पण नकाशा त्यांच्या हातात होता.

आता आपल्याकडं बघा. जीपीएस घेऊन कोणी येतो, शेतं फिरतो, फाईल घेऊन जातो. ग्रामसभेकडं काय उरतं? एक फोटोकॉपी, तीही अर्धी पुसट. माझं म्हणणं आहे की सॉफ्टवेअर उघडं असावं, पण आपली माहिती उघडी टाकायची की नाही ते ग्रामसभा ठरवेल. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगाचा खुला नकाशा आहे, त्यावर शाळा, विहीर, रस्ता जरूर टाका, आजाऱ्याला न्यायला गाडी येते तेव्हा उपयोगी पडतो. पण देवाची जागा, मधाचे कडे, कंद कुठं मिळतो, हे टाकू नका. पोरांना हौस असते, फोटो काढला की टाकला. उद्या त्याच वाटेनं कोण येईल सांगता येत नाही.

तर असं करू. ज्या पाड्यांचे दावे परत आलेत त्यांनी निकालाचा कागद आणा, कारण लेखी द्यायलाच लागतं, आणि वर दाद मागायला कायद्यात साठ दिवस आहेत. कागद कधी मिळाला ती तारीख मागं लिहून ठेवा. प्रत्येक पाड्यातून दोन जण द्या, त्यात एक मुलगी पाहिजे. जेवणानंतर मी लॅपटॉप उघडते, पहिलं शेत मावशीचं घेऊ. आणि कोणाकडं चार्जिंगची लांब वायर असेल तर घेऊन या, इथला प्लग सैल आहे.

जिंदाबाद!