पोलादाचे पाणी आणि फिरता पट्टा
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



भाता आणि ऐरण यांच्यावर ज्यांची घरे उभी राहिली, अशा लोहारांच्या मेळाव्यात सुरी कशी पाजवावी हे सांगावयास उभे राहणे म्हणजे धाडसच होय. परंतु आपल्या पुष्कळ तरुणांनी सहाणेच्या जागी आता बेल्ट सँडर, म्हणजे काचकागदाचा अखंड पट्टा विजेवर फिरविणारे यंत्र, आणले आहे. ते मुळात लाकूड घासण्याचे. तथापि धारही झटपट लावते. त्या यंत्रावर आमच्या हातून घडलेली चूक प्रथम आपल्यापुढे ठेवतो.

खानावळ चालविणाऱ्या एका बाईंची सुरी आम्ही घाईने पट्ट्यावर धरली. धारेवर निळसर छटा उमटली. ती पुसून, सुरी झळझळीत करून आम्ही परत दिली. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "दादा, सुरी आरशासारखी दिसते, पण कांदासुद्धा कापवत नाही!"

दोष पोलादाचा नव्हता. धारेपाशी धातू अत्यंत पातळ, म्हणून घर्षणाची उष्णता तेथे प्रथम साठते. साधे पोलाद सुमारे २२० अंशांवर फिके पिवळे, तर ३०० अंशांच्या सुमारास निळे होते. तोवर सुरीचे पाणी उतरलेले असते. रंग घासून जातो, मऊपणा जात नाही. हेच रंग वडिलांनी आम्हांस भट्टीपाशी बसवून शिकविले होते. यंत्रापाशी आम्ही ते विसरलो! निळा भाग सहाणेवर संथपणे झिजवून आम्ही ती सुरी विनामूल्य दुरुस्त करून दिली.

तेव्हापासून आमचा परिपाठ असा. पट्टा पातीच्या पाठीकडून धारेकडे जावा. उलट धरल्यास सुरी पट्ट्यात रुतते. प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांचा कोन ठेवावा. धारेवर शाईची रेघ ओढली, की घास कोठे बसतो ते कळते. हात हलका ठेवावा आणि प्रत्येक फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे. टोक पट्ट्यावरून सरकू देऊ नये, ते गोल होते. दुसऱ्या बाजूस सूक्ष्म उलटी कड बोटास जाणवली, की बाजू बदलावी. शेवटी ती कड चामड्यावर उतरवावी. हातमोजे घालू नयेत. पट्टा ते ओढून घेतो, आणि तापलेले पाते उघड्या बोटांनाच कळते. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. यंत्रात लाकडाचा भुसा राहिला असेल, तर पोलादाची ठिणगी त्यास पेटविते. म्हणून तो आधी झाडून काढावा.

यंत्राचा आम्ही द्वेष करीत नाही. परंतु ते वेग देते, पारख देत नाही. ती पारख हेच आपले वडिलोपार्जित धन होय. म्हणून ज्या घरी यंत्र आले असेल, त्या घरच्या मुलाने एकदा तरी वृद्धांजवळ बसून तापत्या पोलादाचे रंग पाहावेत, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.