दया नव्हे, न्याय



न्यूयॉर्क राज्यात १९७३ साली गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या आग्रहाने अमली पदार्थांविरुद्धचे कठोर कायदे झाले. गुन्ह्यात आरोपीचा वाटा किती, हे पाहण्यास न्यायाधीशाला फारसा वाव उरला नाही. पकडलेल्या मालाचे वजन हेच शिक्षेचे माप ठरले.

अँथनी पापा यांनी पाचशे डॉलरसाठी कोकेनचे एक पाकीट पोचवले. वजन साडेचार औंस. १९८५ साली त्यांना शिक्षा झाली : किमान पंधरा वर्षे, कमाल आजन्म कारावास. सिंग सिंगच्या तुरुंगात ते चित्रकार झाले. त्यांचे आत्मचित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, गव्हर्नरांच्या दयेने ते सुटले.

परंतु दयेने एक माणूस सुटतो. कायदा तसाच राहतो. हे ओळखून १९९८ साली पापा कैद्यांच्या आयाबहिणींसह रॉकफेलर सेंटरसमोर उभे राहिले. २००४ व २००९ च्या सुधारणांनी त्या कायद्यांची धार बोथट झाली.

पापा यांना पूर्ण माफी मिळाली ती २०१६ च्या अखेरीस. तीही एका गव्हर्नरांची मर्जीच! ज्यांना चित्र काढता येत नाही, त्यांनी कोणाच्या मर्जीची वाट पाहावी?