तह अडतो कुठे?

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या, तेव्हा राजधानी कीव्ह काही दिवसांतच पडेल असं अनेक जाणकार म्हणत होते. ती पडली नाही. देशाचा साधारण पाचवा हिस्सा मात्र रशियाच्या ताब्यात गेला.

तह अडतो तो रणांगणाइतकाच कागदावरही. 2022 च्या सप्टेंबरात रशियाने दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे प्रांत आपले म्हणून जाहीर केले, पुढे राज्यघटनेतही घातले. नोव्हेंबरात खुद्द खेरसोन शहर सोडून यावं लागलं, तरी घटनेत नाव कायम! इकडे युक्रेनच्या घटनेनुसार देशाची हद्द बदलायची तर सार्वमत लागतं, आणि लष्करी कायदा लागू असताना घटनादुरुस्ती करता येत नाही. म्हणजे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी मनात आणलं, तरी एका सहीने जमीन देता येणार नाही. याच लष्करी कायद्यामुळे तिथल्या निवडणुकाही लांबल्या.

तहातली दुसरी गाठ नाटोची. नाटो दूर ठेवायची म्हणून रशिया लढायला निघाला, आणि 2023 मध्ये शेजारचा फिनलंडच नाटोत गेला. ती सरहद्द 1300 किलोमीटरहून लांब. 2024 मध्ये स्वीडनही गेला.

युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, त्या बदल्यात 1994 मध्ये बुडापेस्टला मिळालेली आश्वासनं फोल ठरली. त्यात रशियाचीही सही होती. त्यामुळे युद्धविरामाची हमी कोण घेणार, हे ठरल्याशिवाय कीव्ह मनापासून सही करेल, असं मला वाटत नाही.