नगरच्या मांडवात आपले स्वागत



सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण माझ्या पिढीच्या तोंडात नगरच बसले आहे. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर. चांदबिबीने लढवलेला किल्ला इथला, आणि १९४२ नंतर नेहरूंनी कैदेत ग्रंथ लिहिला तोही त्याच किल्ल्यात. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ इथेच निघाला. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचे नगर हेच. इतके ऐकून पाहुणे कंटाळतात, हे घरची मंडळी मला रोज सांगतात. तरी फरारबाईंशिवाय मी खाली बसणार नाही.

सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. लग्न केले नाही. मुलींच्या शाळा चालवल्या. गोवंडे या मित्राकडे नगरला आलेल्या जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. पुढे सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे फरारबाईंच्याच शाळेत घेतले. आज कापडबाजारात हे नाव काढून पाहा, लोक तुमच्याकडेच बघत राहतील.

आता आपल्या मंडळ्यांच्या या परिषदेचा विषय. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आपण अभ्यासणार आहोत. पुढारी बायकोशी एकनिष्ठ असावा, घर नीट चालवणारा, आल्यागेल्याची सोय पाहणारा, भांडकुदळ नसावा, पैशाच्या मागे नसावा. या यादीत फरारबाई पहिल्याच कलमाला अडकतात! शिकवता आले पाहिजे, या कलमात मात्र पैकीच्या पैकी. विद्वान काय ते ठरवोत. मी दुकानदार माणूस. मला एवढेच दिसते की पाळक निवडताना आपण उपदेश ऐकतो, हिशेबाची वही मागत नाही. पौलाने पैशाचा मुद्दा उगाच घातला नसावा.

व्यवस्थेबद्दल क्षमा मागतो. गाद्या कमी पडल्या, तरुणांनी सतरंजीवर भागवावे. अंघोळीचे गरम पाणी आधी वृद्धांना. मांडवाचा पत्रा दुपारी तापतो, पंखे भाड्याने आणलेत, पण वीज आपल्या हाती नाही. मांडववाल्यांनी निम्मेच पैसे घेतले. भाकऱ्या भगिनीमंडळाने घरोघरी भाजून आणल्या. दोन शेतकरी सभासदांनी ज्वारी आणि कांदे पोचवले. एका बंधूंनी पाण्याचा टँकर दिला आणि नाव घ्यायचे नाही अशी अट घातली. म्हणून नाव घेत नाही, फक्त ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

टँकर सहाला येतो, बादल्या आधीच भरून ठेवू नयेत. अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.