सांगणाऱ्या आठ, नाव एक



मी समीक्षक नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली मी. आई चार घरची भांडी घासायची. सुमित्रा भावे यांच्या सिनेमाबद्दल मी बोलणार ते त्या भांड्यांच्या बाजूनं.

सुमित्राबाई 1943 साली पुण्यात जन्मल्या, 2021 साली पुण्यातच गेल्या. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलं. प्रभातच्या जागेत 1960 साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, पण बाई तिथं शिकल्या नाहीत. वस्त्यांतल्या बायांशी बोलता बोलता त्या सिनेमाकडं आल्या. 'स्त्रीवाणी'साठी 1985 साली 'बाई' काढला. झोपडपट्टीतली बाई, तिची झुंज. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1987 साली 'पाणी'. 1995 साली सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी': थोरलीला मुंबईला धंद्याला लावतात, तिच्या पैशावर घर जगतं, आणि ती परत आली की तिलाच दूर ठेवतात. पैसा चालतो, हात चालत नाही. हे गणित आपल्याला कुणी शिकवायची गरज नाय.

बाईंनी ऐकलं. हे कबूल. पुण्यात किती जणांनी ऐकलं?

तरी सवाल राहतो. 1988 साली दिल्लीहून त्यांचं पुस्तक निघालं. आठ दलित बायांनी सांगितलेली आपापली आयुष्यं, गेल ऑम्वेट यांनी इंग्रजीत आणलेली. सांगणाऱ्या आठ. लेखिका म्हणून नाव एक.

मग सांगणारीच्याच हातात कॅमेरा कधी येणार? इथं मला सोव्हिएत रशियातली लारिसा शेपित्को आठवते. युक्रेनमध्ये 1938 साली जन्मलेली पोर. मॉस्कोच्या सरकारी सिनेमाशाळेत दोव्झेन्कोकडं शिकली. 1967 साली तिनं दुष्काळी गावातल्या पाण्याच्या पंपावर छोटी फिल्म केली. उपाशी गाव उपाशीच दाखवलं. सरकारनं ती 20 वर्षं दाबून ठेवली. 1977 साली 'द असेंट'ला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. 1979 साली मोटार अपघातात गेली, वय 41.

कॅमेरा देणारं सरकार आणि फिल्म दाबणारं सरकार एकच. म्हणून तिकडचा स्वर्ग मी सांगत नाही. पण शाळेचं दार उघडं होतं, म्हणून भांडायला तिच्याकडं काहीतरी होतं.

आमच्या वस्तीपासून इन्स्टिट्यूट चालत तासाभरावर. आई त्याच रस्त्यानं कामाला जायची. ते फाटक म्हणजे तिला बंगल्याकडं वळायची खूण, बस्स. आत काय शिकवतात, तिला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. विचारायला उसंत कुठं होती?

आज कॅमेरा आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. मग निमित्त कसलं सांगता? आपापल्या आईला बोलतं करा. मधी तोंड घालू नका. भांडी घासत बोलली तर घासू द्या, तो आवाज राहू द्या. आणि शेवटी तिचं नाव लिहा. अमक्याची आई म्हणून नको. तिचं स्वतःचं, पूर्ण.