खाऱ्या हवेतील खेळयंत्रे
जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली काढलेला, चार पेन्सिल सेलांवर चालणारा ‘गेम बॉय’ ज्या छांदिष्टाच्या कपाटात आजही नांदत असेल, त्याने, विशेषतः पालघर वा बोईसर-तारापूरसारख्या समुद्रसन्निध मुलखात, खाऱ्या, दमट हवेची दखल सर्वप्रथम घ्यावी. कारण सेलच्या कप्प्यातील स्प्रिंगवर गंज चढला, की यंत्र मूक झालेच म्हणून समजावे. खेळ आटोपताच सेल काढावेत. अल्कलाइन सेल गळून जमलेला पांढरा क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा. खेळाच्या कार्ट्रिजमध्ये फुंकर मारण्याची आपली बालपणीची सवय मात्र कटाक्षाने सोडावी, तोंडातील बाष्प धातूस बाधते. ‘पोकेमॉन रेड’ या खेळाच्या कार्ट्रिजमधला चपटा सेल संपला, की खेळाचे साठवलेले सारे दप्तर नष्ट होते, तेव्हा डाख उकलून नवा सेल बसविण्याची तजवीज जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी.