चिकित्सेचा तिसरा पाद



आरोग्यावर बोलायला एखाद्या डॉक्टरला बोलावले, की तो हृदयविकारावर किंवा मधुमेहावर चार उपदेशाच्या गोष्टी सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी तसे काही करणार नाही. रुग्णालयात आपली गाठ ज्यांच्याशी डॉक्टरांपेक्षा अधिक वेळ पडते, पण घरी परतल्यावर ज्यांचे नावही आपल्या लक्षात राहत नाही, त्या माणसांविषयी मला बोलायचे आहे. परिचारिका, औषध देणारा, रक्त तपासणारा, मलमपट्टी करणारा, गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका, या सर्वांना मी सोयीसाठी वैद्यकीय साहाय्यक म्हणतो. ही माणसे तयार कशी होतात, आणि कशी व्हायला हवीत, हा आजचा विषय.

विषय नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. हा उपस्थाता म्हणजेच आपला साहाय्यक. त्याचे चार गुणही तेथे दिले आहेत. शुश्रूषेचे ज्ञान, कामातील दक्षता, रोग्याविषयी आपुलकी आणि शुचिता. आपुलकी तिसरी आली आणि ज्ञान पहिले आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण मात्र नेमके उलटे धरून चाललो. मुलगी स्वभावाने प्रेमळ आहे ना, मग तिला दवाखान्यात लावा. मुलगा हुशार आहे ना, मग चार महिन्यांत सुई टोचायला शिकेल. शिकवावे लागते, हे आपण सोयीस्करपणे विसरलो.

या शहराचीच गोष्ट घ्या. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि मराठवाड्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. १९५६ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला आपण सारे 'घाटी' म्हणतो. आज जालना, बीड, परभणीकडचा रोगी एस्‌टीतून उतरला, की रिक्षावाल्याला 'घाटी' एवढा एकच शब्द सांगतो. महाविद्यालयाचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. पण घाटीतील डॉक्टर खाटेपाशी येतो, पाहतो, लिहितो आणि पुढच्या खाटेकडे जातो. त्याने लिहिलेले रात्री दोन वाजता अमलात आणणारा हात दुसऱ्याचा असतो.

हा हात शिकलेला नसला तर काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण दोष एका जागेचा नव्हता. मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. सकाळी वॉर्डातले तक्ते पाहिले. बारा रोगी, आणि बाराही जणांची नाडी ७२. मी कौतुकाने मान डोलावली आणि पुढे गेलो. वॉर्डातील वृद्ध सिस्टरांनी मात्र आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईचा हात सहज हातात घेतला आणि मला हाक मारली, "डॉक्टर, जरा इकडे या." नाडी १३० च्या पुढे धावत होती. पोटात रक्तस्राव चालू होता. बाई वाचली, पण ती आमच्या तक्त्यामुळे वाचली नाही.

नाडी लिहिणाऱ्या मुलाला मी बोलावले. दोन महिन्यांपूर्वी तो केसपेपर काढण्याच्या खिडकीवर होता. माणसे कमी पडली म्हणून त्याला वॉर्डात आणले होते. मी रागावलो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, माझ्याजवळ सेकंदकाट्याचं घड्याळ नाही." नाडी कशी मोजायची हे त्याला कोणी दाखवले नव्हते. निरोगी माणसाची नाडी ७२ असते, एवढे मात्र कोणाकडून तरी कानावर आले होते. घड्याळ नाही हे सांगायची त्याला भीती वाटली, आणि ७२ लिहिणे सोपे होते. मंडळी, त्या दिवशी मी त्याला जेवढा दोष दिला, त्याहून अधिक आज स्वतःला देतो. बारा माणसांची नाडी एकसारखी कशी असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आणि घड्याळ आहे का, हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

तेव्हापासून चरकांच्या चार गुणांत मी मनाशी एक पाचवा गुण धरतो. खरा आकडा लिहिण्याचे धैर्य. मोजता आले नाही तर 'मोजले नाही' असे लिहिणे, येत नसेल तर 'येत नाही' असे सांगणे, आणि आपल्या कामाची हद्द जेथे संपते तेथे थांबून वरिष्ठाला हाक मारणे. साहाय्यकाच्या शिक्षणाचे सार माझ्या मते एवढेच आहे. सुई टोचणे महिन्याभरात जमते. कोणती सुई आपण टोचायची नाही, हे कळायला वर्षे लागतात.

आपण म्हणाल, हे सारे उच्चशिक्षितांनाच शक्य आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावाने निवडलेल्या बायकांनाच शिकवायला घेतले. त्यांत निरक्षर बायका होत्या, ज्यांना गावाने कधी पाटावर बसवले नव्हते अशा समाजांतील बायका होत्या. त्या शिकल्या, आणि एकदाच शिकून थांबल्या नाहीत. ठरलेल्या दिवशी पुन्हा जामखेडला येऊन आपण काय पाहिले ते सांगायचे आणि नवे शिकून जायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यापुढे तर वेगळाच पेच होता. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, एका वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर धोका समजावा. पण गावच्या सुइणीला इतके अंक मोजता येत नसत. मग त्यांनी एक साधे यंत्र केले. त्यात एका मिनिटाची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला, की उपचार सुरू करायचे. ज्या बाईला साठापर्यंत मोजता येत नव्हते, तिचा आकडा खरा निघाला. पुढे ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

माझ्या त्या मुलापेक्षा या बायका अधिक शिकलेल्या नव्हत्या. फरक एवढाच, की त्यांना कोणीतरी बसून शिकवले होते, हातात साधन दिले होते, आणि चुकल्यास विचारायला जागा ठेवली होती.

आता व्यवहाराचे बोलू. बारावीच्या निकालाची वाट पाहणारे पालक या सभेत असतील. डॉक्टरकीला जागा मिळाली नाही तर मुलांना या वाटेवर धाडावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. अवश्य धाडा. पण प्रवेशाची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे काय, आणि तो संपल्यावर नोंदणी कोठे होईल? परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्याकडे, निदान त्याच्या नजरेखाली, सोपवले आहे. प्रयोगशाळा, क्ष-किरण यांसारख्या इतर शाखांसाठी २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. नोंदणीच होत नसेल, तर भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राची किंमत चौकटीएवढीच.

दुसरा प्रश्न, शिकायला रुग्णालय कोणते? औषधनिर्माणशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदविकेलासुद्धा ५०० तासांचे प्रत्यक्ष काम बंधनकारक आहे. परिचारिकेला तर त्याहून कितीतरी अधिक लागते. रोगीच नसलेल्या संस्थेत रोग्याची सेवा शिकणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकणे. आणि तिसरा प्रश्न, शिकवणाऱ्याने स्वतः वॉर्डात किती वर्षे काढली आहेत? ज्या वृद्ध सिस्टरांचे मी मघाशी सांगितले, त्यांच्यासारखी एक व्यक्ती शंभर तक्त्यांच्या तोडीची असते.

पालकांना सांगितले, तसे आम्हा डॉक्टरांनाही सांगायला हवे. स्वस्तात मिळतो म्हणून न शिकलेल्या मुलाला पांढरा कोट चढवणे ही रोग्याची फसवणूक आहे आणि त्या मुलाचीही. आणि साहाय्यकाने शंका विचारली तर त्याच्यावर खेकसू नये. खेकसल्याने शंका मिटत नाही, ती केवळ ७२ या आकड्यामागे लपते.

राहता राहिले आपण नागरिक. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली त्या संस्थेने मुलींना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा प्रतिष्ठित घरांतून नाके मुरडली गेली. ते दिवस गेले असे आपण म्हणतो. मग लग्न जमवताना 'मुलीला रात्रपाळी असते' म्हणून अजूनही पाहुणे का परततात? आपल्या आईच्या उशाशी जिने रात्र काढावी असे आपल्याला वाटते, तिची रात्रपाळी आपल्या घरात का खुपावी? याचे उत्तर ज्याचे त्याने घरी जाऊन द्यावे.

तो मुलगा पुढे काय झाला, असे कोणी विचारील. त्याच आठवड्यात सिस्टरांनी त्याला आपले घड्याळ दिले आणि खाटेपाशी उभे करून नाडी मोजायला शिकवले. त्यानंतर मी त्याचा तक्ता पाहिला. ८८, ७६, १०४, ९२. एका खाटेपुढे आकडा नव्हता. तेथे लिहिले होते, 'नीट लागली नाही, सिस्टरना सांगितले.' मंडळी, मला त्या दिवशी तो मुलगा प्रथमच वैद्यकीय साहाय्यक वाटला.